नागपूरच्या धंतोलीतली पीएफटी लॅब : डीएलसीओ उत्तम, सहा मिनिटांची चाल नको

पीएफटी म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचण्या. त्यासाठी आयएलएवाल्यांनी लॅब पारखायची ती एकाच गोष्टीवर: यंदाचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो का? आयएलए (इंटरस्टिशियल लंग ॲबनॉर्मॅलिटी) म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत, फुफ्फुसाच्या एखाद्या झोनच्या (वरच्या, मधल्या किंवा खालच्या भागाच्या) 5 टक्क्यांहून जास्त भागात दिसलेले इंटरस्टिशियल, म्हणजे हवेच्या पिशव्यांमधल्या ऊतींतले, बदल. बहुतेकांना तेव्हा धापही लागत नसते. हे बदल काहींत वाढतात, काहींत तसेच राहतात. म्हणून जोखीम असलेल्यांना 3 ते 12 महिन्यांत पीएफटी आणि 12 ते 24 महिन्यांत सीटी पुन्हा करायला सांगतात. खाली तक्रारीही आहेत, म्हणून लॅबचं नाव टाकलेलं नाही.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वास मोजायची चाचणी, चोख. सकाळी मशीन 3 लिटरच्या सिरिंजने तपासतात, तेही हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी. उंची चपला काढायला लावून मोजतात. तीन फुंकरी नीट जमेपर्यंत आणि सर्वांत चांगल्या दोन एफव्हीसींत (पूर्ण भरून जोरात सोडलेली एकूण हवा) 150 मिलीहून कमी फरक येईपर्यंत टेक्निशियन पेशंटला खुर्चीवरून उठू देत नाही. "अजून, अजून, सोडत राहा" हा त्याचा आरडाओरडा कानाला बोचतो, पण फुंकर मध्येच तुटली की एफव्हीसी खोटी कमी येते.

खरी कमाई डीएलसीओची, म्हणजे श्वासातून दिलेला थोडासा कार्बन मोनॉक्साइड फुफ्फुसातून रक्तात किती उतरतो, त्या मापाची. श्वास पूर्ण सोडायचा, झटकन पूर्ण भरायचा, 10 सेकंद रोखायचा, सोडायचा. दोन प्रयत्नांत 4 मिनिटांचं अंतर लागतं, नाहीतर आधीचा वायू छातीत उरतो. इथे ते घड्याळ लावून पाळतात. छाती अर्धवट भरली की आकडा पडतो, आणि त्या दिवशी सिगारेट ओढली असेल तरीही पडतो, कारण रक्तात कार्बन मोनॉक्साइड आधीच असतो.

रक्तात हा वायू पकडणारं हिमोग्लोबिन मात्र इथे कुणी विचारत नाही, आणि ही चूक किरकोळ नाही. पुरुषाचं हिमोग्लोबिन 14.6 वरून 10 वर आलं, तर फुफ्फुस जसंच्या तसं असूनही डीएलसीओ सुमारे 16 टक्के कमी दिसतं. सीबीसीचा (रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि दुरुस्त केलेला आकडा छापून मागा. रिपोर्टमधल्या 'अपेक्षित आकड्याच्या इतके टक्के' यावर तर मुळीच विसंबू नका: तो अपेक्षित आकडा काढणारं मशीनमधलं सूत्र बदललं की टक्केही बदलतात. एफव्हीसी लिटरमध्ये बघा, आणि सगळ्या प्रयत्नांचे आलेख मागून घ्या. मागितले तर देतात, आपणहून नाही.

सहा मिनिटांची चाल, म्हणजे सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ती चाचणी, इथे करू नये. पट्टा 30 मीटरचा हवा. इथला पॅसेज त्याच्या निम्माही नाही, वर एका बाजूला वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या. सारखं वळावं लागल्याने अंतर कमी भरतं. ऑक्सिमीटरही चालण्याआधी आणि नंतरच लावतात; चालताना सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) कितीपर्यंत उतरलं, हे कळायला हवं, तेच निसटतं. लांब कॉरिडॉर असलेल्या हॉस्पिटलात करा आणि दरवेळी तिथेच.

त्यांच्या फॉर्मवर बिडी-सिगारेट आहे, दमा आहे, पण कूलर नाही. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो. ताट्या बदलल्या नाहीत, टाकीतलं पाणी साचून राहिलं की बुरशी धरते, आणि तिच्या ॲलर्जीनेही फुफ्फुसात असेच बदल होऊ शकतात. गॅलरीतल्या कबुतरांचंही तेच. हे छातीच्या डॉक्टरांना आपणहून सांगा.