पिको दो फोगो की तेइदे?

अटलांटिकमधल्या ज्वालामुखीवर चढायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: केप व्हर्दीतला पिको दो फोगो (2,829 मीटर) आणि स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा तेइदे (3,715 मीटर). उंचीत तेइदे सरस, सोयीतही. रोपवे थेट 3,555 मीटरवर नेऊन सोडतो; शेवटच्या टप्प्यासाठी मात्र परवाना आधीच काढावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर तेइदेच बरा.

तरीही माझं मत फोगोला. इथली चढाई शां दास काल्देइरास या विस्तीर्ण विवरातून सुरू होते. एका बाजूला बोर्देइराचा किलोमीटरभर उंचीचा कडा, समोर काळाकुट्ट शंकू. राखेत पाय रुततात. दोन पावलं चढावं तर एक मागे घसरतं. उतरताना तीच राख कामी येते. टाचा रोवत चक्क धावत खाली येता येतं.

आणि मुख्य म्हणजे या विवरात माणसं राहतात. नोव्हेंबर 2014मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात पोर्तेला आणि बांगाएइरा ही गावं लाव्ह्याने गिळली. लोक परतले, गोठलेल्या लाव्ह्यावरच नवी घरं बांधली. पाऊस जेमतेम, पण राख ओल धरून ठेवते. म्हणून त्या काळ्या जमिनीतही द्राक्षवेली तग धरतात आणि त्यांची वाइन होते. हे तेइदेवर मिळत नाही. टेनेरिफवरचा शेवटचा उद्रेक 1909चा.

फोगोला जाणार असाल तर गावातलाच वाटाड्या घ्या, पहाटे निघा. सावली कुठेच नाही.