‘घरबसल्या रोपवाटिका’ : मुळे न पाहता गुट्या विकत घेणाऱ्यांपासून सावध राहा

गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये पेरू-डाळिंबाची ‘मातृझाडे’ वाढवायची, त्यांच्यावर गुट्या (झाडावरच्याच फांदीला मुळे फोडून केलेली कलमे) बांधायच्या आणि मुळे फुटलेली प्रत्येक गुटी कंपनीने 120 रुपयांना परत विकत घ्यायची, अशी एक योजना मला विकण्यात आली. इमू आणि कडकनाथ कोंबड्या पाळायला देऊन परत विकत घेण्याच्या योजनांत लोक कसे फसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा योजनांचा साचा वेगळा समजावून सांगायला नको. तरीही लिहिते आहे, कारण इथे शेड नाही, कर्ज नाही, जमीन नाही; आपल्याला मुळातच आवडणारी आणि थोडीफार येणारी गोष्ट पुढे केली जाते, आणि म्हणून जाणती माणसेसुद्धा यात ओढली जातात.

माझ्याकडून घेतलेली रक्कम अशी होती. सरदार पेरूची आठ आणि भगवा डाळिंबाची सहा, अशी चौदा झाडे प्रत्येकी 1,850 रुपयांप्रमाणे 25,900 रुपये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारे शेवाळ), मुळे फुटण्याचे संजीवक आणि कुंड्या यांचा संच 8,900 रुपये. नोंदणी व प्रशिक्षण 6,500 रुपये. एकूण 41,300 रुपये. त्यावर करारपत्र झाले, पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह. प्रत्येक झाडापासून एका हंगामात 25 गुट्या, म्हणजे 350 गुट्या आणि 42,000 रुपये, असा हिशेब त्यात छापलेला होता. पहिल्याच हंगामात गुंतवणूक वसूल, आणि वर सातशे रुपये.

मी रोपांच्या बाबतीत अडाणी नाही. अंजिराची छाट कलमे मी घरी कित्येक वर्षे लावत आले आहे आणि गुटी कशी बांधतात हेही मला ठाऊक होते: पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडून तिची दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, वरच्या कडेला संजीवक लावून ओले मॉस बांधायचे आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळायचे. योजनेच्या माणसाने जे सांगितले त्यात तंत्राची एकही चूक नव्हती. सरदार म्हणजेच लखनौ-49 हे वाण पुण्यात गणेशखिंडीला निवडले गेले, हेही त्याने बरोबर सांगितले. माहिती खरी असली की माणूसही खरा वाटतो, आणि त्यांचे सगळे गणित त्याच्यावरच बेतलेले असते.

झाडे आली तेव्हा त्यांपैकी काहींवर ‘नमुन्यादाखल’ अठरा गुट्या आधीच बांधलेल्या होत्या. सगळ्या काळ्या प्लास्टिकमध्ये. पारदर्शक प्लास्टिक का नाही, असे मी विचारले होते, कारण मुळे पांढरी फुटून तपकिरी होऊ लागली की ती बाहेरून दिसावीत आणि मगच गुटी उतरवावी, हीच रीत आहे. उन्हाने मॉस तापू नये म्हणून, असे उत्तर मिळाले. हे उत्तर अगदीच खोटे नव्हते. कडक उन्हात काही जण गुटी झाकतातही.

काही आठवड्यांनी त्यांचा माणूस त्या अठरा गुट्या न्यायला आला. तो एक गुटी कात्रीने उतरवत असताना तिचे प्लास्टिक सुटले आणि मॉस माझ्या हातावर गळून पडले. आत मुळांचा एक धागाही नव्हता. सालीवर ब्लेडच्या दोन गोल रेघा होत्या, पण त्यांच्यामधली साल काढलेलीच नव्हती. ती हिरवीगार, अखंड, फांदीला घट्ट चिकटलेली होती. अशा फांदीला जन्मात मुळे फुटणार नाहीत, कारण पानांत तयार झालेले अन्न त्या सालीतून सरळ खाली निघून जाते. ते अडले तरच तिथे मुळे धरतात. मी ती फांदी त्याला दाखवली. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “चालेल ताई,” म्हणाला, क्रेटमध्ये टाकली आणि वहीत अठरा लिहिले. त्याच संध्याकाळी 2,160 रुपये जमा झाले.

तोच तो क्षण होता. मुळे नसलेल्या काडीचे जो 120 रुपये मोजतो, त्याला रोपे नको आहेत, हे तिथेच उघड झाले होते. खरा रोपवाटिकावाला गुटी हातात घेतल्यावर आधी मुळे बघतो. मुळे नसतील तर तो फुकटसुद्धा नेणार नाही. पण खात्यात पैसे आले की संशय धरायला मन धजत नाही, आणि समोरचा नेमके हेच विकत घेत असतो. ते 2,160 रुपये माझेच होते, माझ्याच 41,300 मधून मला परत दिलेले. त्या विश्वासावर मी पुढे ‘वाहतूक अनामत’ म्हणून 3,000 रुपये भरले, आणि माझ्या शब्दावर शेजारच्या वहिनींनीही तोच संच घेतला. त्यांच्यासमोर उभे राहताना आजही मला लाज वाटते.

पंचवीस गुट्यांचा आकडाही कागदावरच शक्य आहे. कुंडीतल्या लहान झाडाला पेन्सिलीएवढ्या फांद्या असतात तरी किती? शिवाय साल काढलेल्या प्रत्येक फांदीचे अन्न मुळांपर्यंत पोहोचणे थांबते. एका झाडावर भाराभर गुट्या बांधल्या तर त्याची मुळेच उपाशी मरतील. जो कोणी तुम्हाला कुंडीतल्या झाडामागे दोन आकडी गुट्यांचे आश्वासन देईल, त्याला तिथल्या तिथे झाडावर फांद्या मोजून दाखवायला सांगा.

मी नीट बांधलेल्या 31 गुट्यांना, पारदर्शक प्लास्टिकमधून दिसतील अशी, भरपूर मुळे आली. त्या घेण्याआधी ‘गुणवत्ता तपासणी शुल्क’ 2,360 रुपये मागितले. करासह पावती दिली म्हणून मी भरले. तपासणीनंतर सर्व गुट्या नाकारण्यात आल्या, आणि कारण दिले गेले की मातृझाडे प्रमाणित नाहीत. ती झाडे त्यांनीच मला विकली होती. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. 46,660 रुपये गेले, 2,160 आले, नुकसान 44,500 रुपये.

मग एक मलूल झालेला पेरू मी कुंडीतून उपसला. त्याला एकच जाड सोटमूळ होते आणि ते पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसले होते. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसते. साल काढलेल्या जागेभोवती तंतुमुळांचा झुपका असतो. म्हणजे ते झाड गुटीचे नव्हते; बहुधा साध्या बियांचे होते, सरदारपणाची कसलीही खात्री नसलेले. रोप घेतानाच पिशवीची एक बाजू फाडून मुळे पाहण्याचा आग्रह धरा. विक्रेता नाही म्हणाला तर रोप तिथेच ठेवून परत या.

पोलिसांकडे गेले तर सांगण्यात आले की तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, करारपत्रही आहे, हे दिवाणी प्रकरण आहे. देण्याची इच्छाच नसताना वचन देऊन पैसे काढणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे, असे मी म्हटल्यावर मलाच विचारण्यात आले की तुम्ही वकील आहात का. अर्जाची पोच मिळवायलाही भांडावे लागले. बँकेने हात झटकले. सर्वांत जास्त संताप आला तो कृषी कार्यालयात. तिथल्या कर्मचाऱ्याने माझ्याकडे सातबारा मागितला! चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीचा सातबारा कोणाकडे असतो? महाराष्ट्रात फळरोपवाटिका आणि फळझाडांची विक्री यांच्या नियमनासाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे, फळरोपे विकणाऱ्या रोपवाटिकेला परवाना लागतो, आणि माझ्या पावतीवर परवाना क्रमांक म्हणून एक आकडा छापलेला होता. तो खरा आहे की नाही, एवढेच पाहून सांगा, अशी माझी विनंती होती. समोर संगणक सुरू होता. तरीही ‘तुम्ही शेतकरी नाही’ या एका वाक्यावर मला परत पाठवण्यात आले. शहरातल्या माणसाला बोगस रोपे विकणे हा गुन्हा नाही, असे या कार्यालयांचे म्हणणे आहे का? तसे असेल तर त्यांनी ते लेखी द्यावे.

पैसे कंपनीच्या नावाने मागितले आणि खाते व्यक्तीच्या नावाचे निघाले, तर पैसे पाठवू नका. यूपीआयवर नाव आधीच दिसते. माझ्या बाबतीतही ते दिसत होते, पण ‘मालकांचे खाते’ हे उत्तर मला पटण्यासारखेच दिले गेले. पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी माहिती पाठवता येते. मी पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ही खरेदी व्यापारी हेतूची होती, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप समोरून नक्की येईल. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून केलेली खरेदी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्यातून वगळली आहे, हे तक्रारीतच लिहा.

त्यांनी बांधून दिलेली गुटी अजून कोणाच्या झाडावर असेल तर ती एकट्याने उघडू नका. दोन साक्षीदारांसमोर, चित्रीकरण करत उघडा आणि आतल्या अखंड सालीचा जवळून फोटो घ्या. माझ्या अठरापैकी एकही आता माझ्याकडे उरलेली नाही, आणि आयोगापुढे नेमका तोच पुरावा मला हवा आहे.