कॅनचा सौर हीटर, सात महिने वापरून: डबा झकास, झडपेनं वीट आणला

काल पावसाळ्यासाठी हीटरच्या डब्यावर ताडपत्री बांधायची म्हणून खोलीतल्या खालच्या भोकाची जाळी काढली, तर आत पाल. झडपेला अंग टेकून निवांत बसलेली आणि झडप अर्धी उघडी. ही माझी तिसरी झडप. म्हणून आज लिहायला बसलोय.

कॅनचा हीटर म्हणजे काय ते सांगत बसत नाही, निम्म्यांनी व्हिडिओ पाहिलेत. खालून खोलीतली गार हवा डब्यात, उन्हानं तापलेल्या, बिअरच्या रिकाम्या काळ्या कॅनच्या नळ्यांतून वर, वरून गरम हवा परत खोलीत. माझा डबा पाचगणीत आईच्या खोलीच्या दक्षिण भिंतीला उभा ठोकलाय. ५०० मिलीचे १०० कॅन, दहा-दहाच्या दहा नळ्या, साधारण सव्वा चौरस मीटर. जुन्या पलंगाचं प्लाय, पुढं ६ मिमीचं दुहेरी पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा), वरच्या भोकात १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा.

पाचगणीत कॅनचा तोटा नाही. शनिवार-रविवार उलटला की टेबललँडच्या वाटेवर पर्यटकांची कृपा पसरलेलीच असते. तरी भंगारवाल्याकडून वजनावर घेतले, पावणेदोन किलो, १३० रुपये किलोनं. एक सांगतो, ५०० मिलीचा कॅन आणि जुना जाडा ३३० मिलीचा कॅन दोघांचा व्यास ६६ मिमी, ते एकमेकांवर बसतात. हल्लीचे शिडशिडीत ३०० मिलीवाले बसत नाहीत. माझे पहिले चाळीस त्यापायी वाया गेले. त्याच भंगारवाल्याला ९० च्या भावानं परत विकले, आणि तो आमच्या सौ.समोर हसला. शंभर बिअरचे कॅन धुऊन गच्चीत वाळत घातल्यावर शेजारच्या काकांनी तिला बाजूला घेऊन "सगळं बरं आहे ना घरात?" असं विचारलं, ते वेगळंच.

रंग सायलेन्सरचा काळा मॅट घ्या, मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानात मिळतो. साधा ऑइलपेंट तापला की पोपडे धरतो. रंगाचा वास पंधरा दिवस राहिला. एकूण खर्च ४,३०० रुपये, चुका धरून ५,८५०. त्यातले जवळपास दोन हजार एकट्या पॉलीकार्बोनेटचे.

आता कौतुक, कारण ते खरं आहे. डिसेंबरात सकाळी खोलीत १५ अंश असायचे. डब्याआधी दुपारी एकपर्यंत जेमतेम १८ व्हायचे, डब्यानंतर २२. वरच्या भोकातून हवा ३८-३९ अंशांनी यायची. आई दिवसभर खोलीतच असते, तिनं पहिल्या आठवड्यात शाल काढून ठेवली. आधी दीड किलोवॅटचा हीटर रोज चार तास चालायचा, म्हणजे ६ युनिट, आणि १०० युनिटांच्या पुढं महावितरणचा दर कशी उडी मारतो ते सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत तो हीटर माळ्यावर होता. व्हिडिओतल्या 'दोन किलोवॅट मोफत' वर मात्र विश्वास ठेवू नका. भर उन्हात, सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट पडतं. सव्वा चौरस मीटरच्या डब्यातून दोन किलोवॅट यायचे कुठून? माझा डबा चांगल्या दुपारी ४०० वॅट देत असेल. मला तेवढे पुरले.

आता झडप.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, "रात्री पायाला गार लागतंय रे." मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, वय झालं की लागतं. हे बोलायला नको होतं. तिसऱ्या दिवशी तिनं देवापुढची उदबत्ती आणून खालच्या भोकापुढं धरली आणि मला हाक मारली. रात्रीचे दहा वाजलेले, पंखा बंद, आणि धूर भोकात जाण्याऐवजी खोलीत येत होता, जोरात. वरच्या भोकाशी धरली तर धूर आत ओढला जात होता. म्हणजे रात्रभर डबा उलटा चालत होता. कॅन गार पडले की आतली हवा जड होऊन खाली उतरते, खालच्या भोकातून आईच्या पायावर येते, आणि तिच्या जागी खोलीतली ऊबदार हवा वरून डब्यात जाते. दिवसा कमावलेलं रात्री स्वतःच्या हातानं बाहेर टाकायचं यंत्र मी भिंतीला ठोकलं होतं. पहाटे पाचला खोलीत १३.५ अंश. भोकं बुजवून पाहिलं तर पुढच्या पहाटे १५.५. दोन अंश!

मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं. त्यांना कॅनच्या तोंडाला चांदणीसारखे काप देऊन हवा कशी घुसळायची यातच रस. (मी वीस कॅनला ते काप दिले, बोटं कापून घेतली, आणि बाकीचे ऐंशी सरळ गोल कापले. फरक कळला नाही.)

उपाय म्हणजे एकतर्फी झडप. हलकी, पंख्याच्या ओढीनं उघडणारी आणि उलट झुळकीनं बंद होणारी. पहिली दुधाच्या पिशवीची, वरच्या भोकाला. आठवड्यात गरम हवेनं तिची सुरळी झाली. मग अक्कल आली की झडप खालच्या भोकाला, डब्याच्या बाजूनं लावायची, तिथली हवा गारच असते. दुसरी कचऱ्याच्या पातळ पिशवीची. ती झकास चालली, पण महिन्याभरात जाळीवर घासून फाटली. तिसरी मोडक्या छत्रीच्या कापडाची. पाचगणीत मोडक्या छत्र्या घरटी चार. मार्च, एप्रिल, मे ती टिकली, आणि मी तिच्यावर इतका खूश होतो की पाहुण्यांना उदबत्ती लावून दाखवायचो. आता त्या पालीनं तिची घडी मोडलीय, ती नीट मिटतच नाही.

पंख्याचं थोडक्यात. दुसऱ्या महिन्यात खरखरायला लागला. साताऱ्यात जिथून घेतला त्या दुकानदारानं विचारलं, "कॉम्प्युटरला लावला होता का?" मी खरं सांगितलं. वॉरंटी गेली. एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं पंख्याच्या निम्म्याला आलं. तुम्ही जाल तेव्हा खोटं बोला.

फेब्रुवारीत आणखी एक. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की घरच्या विजेवर अॅडॉप्टर आणि थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमान बघून पंखा चालू-बंद करणारं, छोटं बोर्ड लावा, दीडशे रुपयांत काम होतं. तो सल्ला मागं घेतो. एका दुपारी तीन तास वीज गेली, पंखा थांबला, ऊन मात्र चालू. डब्यातला थर्मामीटर ९२ दाखवत होता आणि घरभर जळकट वास. मागं भरलेलं थर्मोकोल आकसून अर्ध्यावर आलं होतं. आता मागं ग्लासवूल आहे, आणि पंखा पाच वॅटच्या सौर पॅनेलवर. ऊन आलं की पंखा चालू, ऊन गेलं की बंद, बोर्डाची गरजच नाही. मधे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं यंत्र) टाका, कारण भर उन्हात ते पॅनेल १८ व्होल्टपर्यंत जातं आणि १२ चा पंखा फार दिवस सोसत नाही. सकाळी कॅन तापायच्या आधीच पंखा सुरू होऊन दहा मिनिटं गार हवा मारतो, तेवढं आई चालवून घेते.

खरी मर्यादा ही की ऊब संध्याकाळी सहाला संपते. थंडी तर रात्री असते. दिवसभर घरी बसणारं कुणी नसेल तर हा डबा बांधू नका.

उभा ठोकायचा की कलता, यावर सौ.चा भाऊ माझ्याशी भांडला होता. डिसेंबरात इथं दुपारचा सूर्य साधारण ४९ अंशांवर असतो, उभ्या भिंतीला बऱ्यापैकी ऊन मिळतं. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि पुढं उत्तरेकडं सरकतो, मग दक्षिण भिंतीवर दुपारी ऊनच नाही. उन्हाळ्यात डबा आपोआप गप्प. कलता लावला असता तर थोडं जास्त मिळालं असतं, पण मे महिन्यात आईची भाजी झाली असती. १८८१ साली अमेरिकेत एडवर्ड मोर्स या प्राणिशास्त्रज्ञानं उन्हानं खोली तापवायच्या अशाच उभ्या डब्याचं पेटंट घेतलं होतं. हे मेहुण्याला ऐकवलं, तो चहा पीत राहिला.

उरलेल्या स्ट्रॉबेरी वरच्या भोकापुढं वाळवायचा प्रयोग फसला. हवा पन्नाशीच्या पुढं लागते, माझी चाळिशीत अडकते. मुंग्या आल्या. मोजे मात्र छान वाळतात.

झडपेचं पुढं काय, ते पाहतोय. एकानं पिंगपाँगच्या चेंडूची झडप सुचवलीय. खालच्या भोकात मात्र काल रात्रीपासून आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा आहे. जानेवारीत उदबत्ती विझवून झाल्यावर तिनं हाच बोळा पुढं केला होता, "संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा," आणि मी तिला झडप समजावून सांगत बसलो होतो.