क्लोनझिला: दिसायला रुक्ष, कामाला चोख

सी ड्राइव्हची पट्टी लाल होऊन वर्ष झालं होतं. शेवटी लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून १ टीबीची एसएसडी बसवायचं ठरवलं. विंडोज नव्याने घालायचं म्हणजे प्रिंटरच्या त्या नाठाळ ड्रायव्हरपासून पुन्हा सुरुवात. त्यापेक्षा क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, बरा, म्हणून क्लोनझिला वापरलं. फुकट, मुक्तस्रोत, आणि पेनड्राइव्हवरून चालतं.

पडद्यावर नुसती अक्षरं, माउसला कामच नाही. पहिल्या खेपेला त्याने साफ नकार दिला. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, आणि तसल्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) क्लोनझिला हात लावत नाही. चिडचिड झाली, पण बरोबर आहे त्याचं.

खरा घाम फुटतो तो कुठून कुठे हे निवडताना. डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी. उलट निवडलं की कोरी डिस्क आपल्या सगळ्या फोटोंवर पांघरली गेलीच म्हणून समजा. मी जुन्या डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर आधीच कागदावर उतरवला होता. तो अक्षर न् अक्षर जुळवला, मगच वाय दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा वाय. (फोटोंचा बॅकअप वेगळा घेतलेला होता. तरीही हात थरथरला.)

रिकामी जागा ते कॉपी करत नाही, भरलेलीच उचलतं. माझे ४१० जीबी यूएसबी केबलवरून सव्वादोन तासांत गेले. नवी डिस्क आत बसवली, जुनी बाहेर ठेवूनच मशीन सुरू केलं. दोन्हींची ओळख एकच, एकत्र जोडल्या तर विंडोज गोंधळतं. वॉलपेपर तोच, ब्राउझरमधले तेवीस टॅबही तसेच.

आणि सी ड्राइव्हही तेवढाच! नवी जागा शेवटी रिकामी पडलेली, मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी पार्टिशन आडवं, त्यामुळे विंडोजमधलं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' (ड्राइव्ह वाढवायचं बटण) दाबताच येईना. नव्या डिस्कच्या प्रमाणात पार्टिशन वाढवायचा पर्याय क्लोनझिलात आहे, मीच तो घेतला नव्हता. मग जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या प्रोग्रॅमने रिकव्हरी शेवटी सरकवलं आणि सी वाढवला. १ टीबीच्या जागी एकूण ९३१ जीबी दिसले म्हणून दचकू नका: डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने.

डिस्क कटकट वाजत असेल तर मात्र हे नको, तिथे डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कवरून डेटा वाचवायचा प्रोग्रॅम. माझी जुनी डिस्क धडधाकट आहे. महिनाभर खणात राहील, मग फॉरमॅट.