जुन्या स्कूल बसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: नऊ महिने, सहा हजार मैल

गेल्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या एका लिलावातून आम्ही १९९३ ची इंटरनॅशनल ३८०० घेतली. शाळेतून निवृत्त झालेली बस. ७.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं डीटी४६६ डिझेल इंजिन आणि त्याला ॲलिसनचा एटी५४५, चार गिअरचा ऑटोमॅटिक. सीटा काढून आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केली, पिवळ्याचा निळा रंग केला (शाळेबाहेर गेलेल्या बसवर तो पिवळा ठेवायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे). आतल्या घराबद्दल पुन्हा कधी लिहीन. आज फक्त गिअरबॉक्स.

तक्रार पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. गाडी दुसरा गिअर सोडायलाच तयार नसायची. एरवी हलक्या पायाने ताशी सतरा-अठरा मैलांना तिसरा पडायला हवा. आमची बस पंचवीसपर्यंत ओरडत जायची, आरपीएमचा काटा २,६०० ला टेकायचा आणि पाय उचलला की धाडकन तिसरा. मागे ओट्यावरची भांडी सरकायची. एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "बॉक्स गेला, रिबिल्ड करावा लागेल." आकडा बसच्या किमतीपेक्षा मोठा होता. त्याने ना डिपस्टिक ओढली, ना खाली वाकून पाहिलं. त्याचा मला आजही राग येतो.

माझे वडील साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ऑटोमॅटिक त्यांनी कधी उघडलेला नाही. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"पाय उचलल्यावर गिअर पडतो ना?"

"हो बाबा, लगेच."

"मग आत सगळं जिवंत आहे गं. त्याला कुणीतरी चुकीचा निरोप देतंय. ॲक्सिलरेटरकडून काय जातंय ते बघ आधी."

निदान तिथेच झालं होतं. या बॉक्समध्ये कॉम्प्युटर नाही. गिअर कधी बदलायचा हे तेलाच्या दाबावर ठरतं आणि त्यात दोन गोष्टींचा हात असतो. गाडीचा वेग कळतो मागच्या बाजूच्या गव्हर्नरकडून, आणि पाय किती दाबलाय हे कळतं मॉड्युलेटरच्या केबलमधून. केबल दाबलेल्या जागी अडकली तर बॉक्सला वाटतं की गाडी चढावर आहे, ड्रायव्हरला जोर हवाय. मग तो गिअर धरून ठेवतो. सैल पडली तर उलट, लवकर आणि लुळे गिअर पडतात.

तरी आधी तेल पाहिलं. सपाट जागा, पार्किंग ब्रेकचा पिवळा नॉब ओढलेला (यात लिव्हरवर 'पी', म्हणजे पार्क, नसतो), इंजिन चालू, न्यूट्रल, आणि तेल गरम. थंड तेलाची पातळी खोटी निघते. कमी तेल असलं तर क्लच घसरतात; जास्त झालं तर फेस होतो आणि तरीही घसरतात. पांढऱ्या टिशूवर थेंब टिपला: लाल, किंचित तपकिरी, जळका वास नाही. त्या रात्री मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली गेले. नवरा वर बसून पेडल दाबायचा, सोडायचा. केबलच्या बाहेर आलेल्या तारेवर मी खडूने रेघ मारली होती. पेडल दाबलं की रेघ सरकायची, सोडलं की अर्ध्यावर थांबायची. बोटाने ढकलली तर करकरत मागे जायची. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बाहेरचं आवरण फुगलं होतं आणि ब्रॅकेटजवळ गंजाचा पापुद्रा धरला होता. नवी केबल टाकली, पूर्ण पेडलला पूर्ण ओढ मिळेल अशी लावली. पहिल्याच फेरीत अठरा मैलांना तिसरा पडला. धक्का नाही, आवाज नाही. मी रस्त्याच्या कडेला थांबून बाबांना फोन केला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते.

जानेवारीत वेगळाच त्रास. गोठलेल्या सकाळी चौथा पडायचाच नाही, आणि आता पाय उचलूनही काही व्हायचं नाही. हा फरक नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे: पाय उचलूनही उपयोग नसेल, तर संशय वेगाच्या निरोपावर, म्हणजे गव्हर्नरवर. मागचं झाकण काढून तो बाहेर घेतला. त्याची वजनं चिकट तेलाच्या थराने जड झाली होती, सोडली तर परत बसत नव्हती. धुऊन, पुसून, नवं गॅस्केट घालून बसवला. तेव्हापासून चौथा चुकलेला नाही. थंडीत न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं तापवल्याशिवाय मात्र मी निघत नाही.

उष्णता हा या बॉक्सचा खरा प्रश्न आहे. इंजिनची ताकद बॉक्सला तेलातून देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. एटी५४५ मध्ये लॉक-अप, म्हणजे वेग आल्यावर तो घट्ट जोडून टाकणारा क्लच, नाही, त्यामुळे चौथ्यातही कन्व्हर्टर थोडा घसरत राहतो आणि ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. मे महिन्यात कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना (उंची ११,००० फुटांच्या वर) कूलरकडे (तिथे बॉक्सचं तेल गार होतं) जाणाऱ्या तेलाचं तापमान २५५ फॅरनहाइटवर गेलं. पाय दाबून धरण्याऐवजी मी लिव्हर दुसऱ्यावर आणला. इंजिन २,३०० वर गेलं, वेग तेवीस मैल, मागून ट्रकसुद्धा पुढे गेले. पण कन्व्हर्टरची घसर कमी झाली आणि काटा हळूहळू २३० वर उतरला. हा गेज आम्ही स्वतः बसवला होता. तो नसता तर मी त्या चढावर तेल जाळलं असतं. उतारावर इंजिनचा ब्रेक फारसा लागत नाही, तेव्हा खालचा गिअर वरच, उतार सुरू व्हायच्या आधी घ्यायचा. घाटात आमच्या एसटीचे ड्रायव्हर हेच करायचे.

डोंगरातच राहायचं असेल तर लॉक-अप असलेला ॲलिसनचाच एमटी६४३ शोधा, बस थोडी महाग पडली तरी. सपाटीवर फिरणाऱ्यांना एटी५४५ पुरतो, आणि नीट ठेवला तर प्रामाणिक आहे. आमच्याकडून पुढचं काम म्हणजे पंख्याचा जादा कूलर. तो ऑगस्टच्या आत बसवायचाय. एक सुटी मॉड्युलेटर केबल पलंगाखालच्या खणात ठेवली आहे, खडूचा तुकडा तिच्यासोबतच.