पहिला पेपर एएसईईला पाठवावा की आयसीटीआयईईला?

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवणारे बरेच जण आता आपल्याच वर्गातल्या शिकवण्याच्या प्रयोगांवर पेपर लिहू लागले आहेत, आणि लिहून झालं की तो कोणत्या परिषदेला पाठवायचा, अमेरिकेतल्या एएसईईच्या की आपल्याकडच्या आयसीटीआयईईला, इथेच गाडी अडते. परदेशात आणि इथे, दोन्हीकडे पेपर मांडल्यामुळे मला काय वाटतं ते सांगतो. तुमचा विषय वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

बाहेरच्या परिषदांचं मोठेपण मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशन, म्हणजे एएसईई, ही १८९३ सालची संस्था. तिची वार्षिक परिषद जूनमध्ये भरते आणि तिथले पेपर ‘पीअर’ या ऑनलाइन संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतात. कॉलेजने जर्नलची वर्गणी भरली नाही म्हणून वाचन अडत नाही, ही आपल्यासारख्यांसाठी फार मोठी सोय आहे. युरोपातल्या सेफी या इंजिनिअरिंग शिक्षणाच्या संस्थेची परिषद सप्टेंबरच्या सुमारास, आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेची फ्रंटियर्स इन एज्युकेशन ऑक्टोबरच्या. म्हणजे घरात गणपती नाहीतर दसरा. अशा ठिकाणचे रिव्ह्यूअर खोलात शिरतात. संशोधनाचा प्रश्न नेमका कोणता, त्यामागे सिद्धांत कोणता, ‘मुलांना आवडलं’ म्हणता त्याला पुरावा काय? याच विषयात पीएच.डी. करायची असेल तर हा मार खाल्लेला चांगलाच. विमान, व्हिसा आणि नोंदणीच्या खर्चाबद्दल मी वेगळं सांगायला नको.

आयसीटीआयईई, म्हणजे इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन ट्रान्सफॉर्मेशन्स इन इंजिनिअरिंग एज्युकेशन, ही आययूसीईई या इंजिनिअरिंग शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेची परिषद. पहिली २०१४ च्या जानेवारीत हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजात झाली, जे आता केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे. तिथले पेपर ज्या जर्नलमध्ये येतात ते ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून निघतं. बेळगावहून हायवेला लागलं की हुबळी खाली, इस्लामपूर वर. जगभरचे लोक येणाऱ्या परिषदेचा असा घरोबा आपल्या भागाशी आहे, हे इथल्या कितीतरी प्राध्यापकांना माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्यापुरता निकाल मात्र एका वेगळ्याच गोष्टीने लागला.

माझा पेपर साधा होता. मुलांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात न्यायचं, रिजेक्ट झालेलं कास्टिंग हातात द्यायचं आणि त्यात ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, का पडला हे गटाने शोधायचं. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली, की वायू बाहेर पडायला वाट कमी पडली? खानापूरचा मुलगा मराठीत वाद घालायचा, गोकाकचा कन्नडमध्ये, आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा. हे सगळं मी परदेशातल्या एका परिषदेत ऑनलाइन मांडलं. पहिला प्रश्न आला, मग शेवटची लेखी परीक्षा काढून का नाही टाकली? सीआयईचे, म्हणजे कॉलेजातल्या सततच्या मूल्यमापनाचे ५० मार्क आमच्या हातात, एसईईचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे ५० नाहीत. प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढतं, सिलॅबसही तेच ठरवतं, हे समजावण्यात प्रश्नोत्तरांची वेळ संपली. ब्लोहोलबद्दल कुणी काही विचारलंच नाही. लेखी रिव्ह्यूतही तेच. संलग्न कॉलेज म्हणजे काय ते आणखी स्पष्ट करा, असा शेरा आला आणि मुलांचे वाद काढून तिथे व्हीटीयूची, म्हणजे आमच्या विद्यापीठाची व्यवस्था लिहावी लागली. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण माझं काम त्यात बाजूला पडलं.

आयसीटीआयईईत हाच विषय मांडला तेव्हा आंध्रच्या एका मॅडमनी सरळ विचारलं, ‘‘फाउंड्रीत इतके तास गेले, मग राहिलेलं युनिट कधी संपवलंत?’’ दुसऱ्या एका सरांनी विचारलं, गटात एकानेच काम केलं असेल तर सगळ्यांना सारखे मार्क कसे देता? संलग्न कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला रोज टोचणारे प्रश्न हे. दुसऱ्या प्रश्नामुळेच मी पुढच्या बॅचला, गटातल्या मुलांनी एकमेकांच्या कामाला गुण देण्याचा तक्ता वापरायला दिला, आणि तोंड न उघडणारी दोन-तीन मुलं त्यात पुढे आली.

तिथले सगळेच पेपर सारख्या तोलाचे असतात असं मी म्हणणार नाही. ते कुठल्याच परिषदेत नसतात. पण काम आपल्या वर्गातलं, आपल्या परीक्षापद्धतीत अडकलेलं असेल, तर पहिला पेपर इथे मांडा असंच माझं मत झुकतं. इथे आलेले प्रश्न घेऊन वर्षभर काम करा आणि त्यातून जे नवं निघेल ते एएसईईला पाठवा. तोपर्यंत ‘पीअर’वरचे पेपर वाचत राहा. आणि एकच मजकूर एकाच वेळी दोन्हीकडे पाठवू नका, ते कुठेच चालत नाही.