कपांचा संच की मि.ली.चा जग?

तुळशीबागेत एकाच दुकानात दोन्ही मिळतात आणि दोन्ही घ्यायला जीव होत नाही. माझ्याकडे आधी कप आले, जग बऱ्याच उशिरा.

रवा, मैदा, साखर मोजायला कपच बरे. भरायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, झालं. जगात मैदा रेघेवर आणायचा तर जग आपटावा लागतो, आणि आपटला की मैदा दबतो. त्यामुळे कोरड्या जिनसांपुरता वाद नाही.

प्रश्न पातळ पदार्थांचा. कृतीत ३०० मि.ली. दूध असलं आणि कप २४०चा असला, तर सव्वा कप. माझा संच निघाला २५०चा. मग एक कप, वर १५ मि.ली.चे तीन चमचे आणि ५चा एक. अमेरिकन कृतींत कप साधारण २४०चा असतो, ऑस्ट्रेलियन कृतींत २५०चा. राइस कुकरसोबतचा बहुधा १८०चा. त्याने केकचं दूध मोजून मी एकदा फसलोय. कपावर आकडा नसेल तर वजनकाट्यावर ठेवून पाण्याने भरा. कपाचं वजन वगळून पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मि.ली.

एका कपामागे १० मि.ली. इकडेतिकडे झाल्याने केक बिघडतो असं मी म्हणणार नाही. चार कपांना ४० होतात, तेव्हा चायना ग्रास मला जरा सैल वाटलं होतं. भासही असेल.

खरं तर हिशेबाने मी वैतागलो नाही, वैतागलो काठाने. कपाचं माप म्हणजे काठोकाठ. तसं भरलेलं दूध ओट्याच्या या टोकाकडून शेगडीवरच्या पातेल्यापर्यंत न्यायचं म्हणजे श्वास रोखून चालायचं, आणि तरी बर्नरवर चार थेंब पडून करपल्याचा वास येणारच. बेताने भरावा तर माप चुकतं. तेल असेल तर बाहेरून ओघळ, मग मूठ चिकट, मग ओटा पुसा. जगात रेघेच्या वर बोटभर जागा उरते, शिवाय ओतायला चोच असते.

जगापुढे वाकावं लागतं, हे खरं. उभ्याने वरून पाहिलं तर रेघ फसवते. दोन-तीन चमच्यांचं मापही त्यात नीट कळत नाही, तिथे चमचेच हवेत. आणि छापलेले आकडे घासून घासून जातात, म्हणून उठावाच्या रेघांचा बघा.

आमचे कप आता साखरेच्या आणि रव्याच्या डब्यात असतात. जग शेगडीशेजारी.